बंद डोंगरातली गाठ

ती गाठ मीच तोडली होती. माझ्या हातांनी, करवतीने, पाचव्या महिन्यात, डोंगर बंद असताना. आज हे लिहायला सोपं जातंय, पण त्या दिवशी लेथसमोर उभी होते तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि माझं तोंड कसं आहे ते आमच्या अख्ख्या यांगत्से गावाला ठाऊक आहे.

आमच्याकडे पेरण्या झाल्या की लामा पूजा करून डोंगर बंद करतात. पीक घरात येईपर्यंत वर कुणी जायचं नाही, झाडाला हत्यार लावायचं नाही. लावलं तर डोंगराचा धनी गारा पाडतो. पण मेपलच्या खोडावर फुगलेल्या त्या गाठीवर शेजारच्या चिमीच्या नवऱ्याचा डोळा होता; अशा गाठीच्या भांड्याला मोठा भाव येतो. डोंगर उघडला की पहिला तोच पळणार. म्हणून मी पहाटे जाऊन गाठ कापून आणली आणि ओढ्याकाठच्या डबक्यात बुडवून ठेवली. चौथ्या दिवशी गारा पडल्या. चिमीचा सगळा मका आडवा. वर कोण गेलं होतं म्हणून गाव जमलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने शिव्या घातल्या त्या मीच.

जुर्मे माझा जावई, आमच्या पेल्डेनकडे नांदायला आलेला. हात सोन्याचा, स्वभाव गाईचा. थिंफूच्या प्रदर्शनासाठी त्याला लेथवर एक लाकडी भांडं कातायचं होतं. पोट पोकळ, तोंड अरुंद, आणि तोंडाच्या काठावर झाडाची साल जशीच्या तशी. अशी साल टिकते ती हिवाळी लाकडाची. पाचव्या महिन्यात, ऐन पावसाळ्यात, झाड रसाने भरलेलं असतं, तेव्हाची साल सुटून येते. डबक्यातली गाठ मी हिवाळी म्हणून त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा त्याने मला तीनदा विचारलं.

"आमा, नक्की हिवाळ्यातली ना?"

"तुझे दुधाचे दात पडायच्या आधीपासून लाकूड ओळखते मी. कात गुमान."

मला वाटलं, सुटली साल तर सुटली. भांडं बिघडेल, एवढंच. चाक सुरू झाल्यावर मात्र कळलं, बिघडणार ते नुसतं भांडं नव्हे.

मोटर घरघरत होती. वेडावाकडा काठ फिरताना दिसतच नाही, नुसती काळी सावली गरगरते. त्या सावलीपासून वीतभर अंतरावर जुर्मेचं तोंड. लांब आकडीचं हत्यार त्याने भांड्याच्या पोटात घातलं होतं. आत दिसत नाही, कानाने कातायचं, म्हणून तो मान वाकवून अगदी जवळ टेकला होता. ओला भुसा त्याच्या गालावर उडत होता. पेल्डेन सातव्या महिन्याचं पोट सांभाळत दाराशी बसली होती. आणि तिच्या शेजारी, लोण्याचा चहा भुरकत, चिमी.

"आना, तुमचा जावई लाकडाला मुका देतोय की काय!" पेला हातात घेऊन चिमी माझ्या कानाशी येऊन ओरडली. मोठ्या बहिणीला आमच्याकडे आना म्हणतात.

मला हसू आलं नाही. काठाच्या सावलीतून फटफट असा बारीक आवाज येत होता. दुसऱ्या कुणाला तो कळला नसता. मी चाळीस वर्षं कातकाम करणाऱ्यांच्या घरात काढलीत. साल हलत होती.

हाक मारावी तर ते जास्त वाईट. हत्यार पोटात असताना कातणाऱ्याशी बोलायचं नाही, हा नियम या घरात मीच घातलाय. हात दचकला, आकडी आत अडकली की भांड्याच्या ठिकऱ्या होतात, आणि त्या समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मोटर बंद करावी तरी तेच. मी नुसती उभी राहिले. मी डोंगराच्या धन्याला मनातल्या मनात म्हणत होते, माझे डोळे घे, म्हातारीचे घे, या पोराचे नको.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्याने आकडी बाहेर ओढली. ती बाहेर आल्याबरोबर मी ओरडले, "जुर्मे! पाचव्या महिन्यातली आहे रे ती! मीच तोडली!"

"ऑं?" ऐकू यावं म्हणून तो माझ्याकडे वाकला.

तेवढ्यात काठ फुटला. तळहाताएवढी साल त्याच्या कानाला घासून गेली आणि मागच्या खांबावर आदळली. पेल्डेन किंचाळली. जुर्मेने मोटर बंद केली. कानाच्या पाळीतून रक्त गळत होतं, डोळे शाबूत होते.

"एकच तुकडा गेला," तो कान दाबत म्हणाला. "हिवाळी आहे, बाकीची धरेल. तेवढं चिकटवतो आणि पुन्हा लावतो. तुम्ही काय म्हणालात, आमा?"

मोटरच्या आवाजात कुणालाच काही ऐकू गेलं नव्हतं. चिमी माझ्याकडे बघत होती, चहाचा पेला ओठापाशी तसाच. मी "काही नाही" म्हणाले असते तर तिथंच मिटलं असतं. माझं नाव राहिलं असतं. आणि त्याने पुन्हा तोंड तिथंच नेलं असतं.

आता सगळं शांत होतं, त्यामुळे ओरडायची गरज नव्हती.

"हिवाळी नाही ती," मी म्हणाले. "पाचव्या महिन्यात तोडली. डोंगर बंद होता. गारांच्या आधी चार दिवस."

जुर्मेने भांड्याच्या काठाला नख लावलं. उरलेली साल कणसाच्या पाल्यासारखी सगळी त्याच्या हातात आली.

चिमीने पेला खाली ठेवला आणि गावाकडे निघाली. गारा कुणी आणल्या ते आता संध्याकाळपर्यंत घराघरात कळणार होतं. तरी मी तिला हाक मारली नाही.