निळ्या साडीच्या पट्ट्या

शीळफाट्याच्या मागे टेकडीला लागून नेमबाजीचं एक मैदान आहे. तिथे तीनशे मीटरची निवड चाचणी होती. माझी सून पायल रायफल घेऊन आलेली आणि मी गाडी चालवायला. राज्याच्या संघासाठी नावं त्याच दिवशी पाठवायची होती. आज जमलं तर जमलं.

पोचलो तर वाऱ्याचे झेंडे गायब. मैदानात काठ्यांना कापडाच्या पट्ट्या बांधतात. त्यांच्याकडे बघून वारा कुठून आणि किती ते कळतं. एवढ्या अंतरावर साधा वारासुद्धा गोळीला वीतभर बाजूला नेतो. काठ्या जागेवर होत्या, पट्ट्या शेळ्यांनी खाल्लेल्या.

"कुणाकडे कापड आहे का?" चाचणी घेणाऱ्या साईनाथ सरांनी विचारलं.

आमच्या गाडीत कापडच कापड होतं. माझी बायको रमा गेल्या वर्षी वारली. तिच्या साड्या कल्याणच्या महिलाश्रमात द्यायच्या म्हणून पायलने पिशवी भरून डिकीत ठेवलेली. पण मला दर वेळी काहीतरी कारण सापडायचं. कधी पाऊस, कधी ट्रॅफिक. एकदा तर मी आश्रमाच्या दारातून गाडी वळवली आणि वडापाव खाऊन घरी आलो.

मी दोन साड्या दिल्या. सरांनी पट्ट्या कापून खळ घातलेली सुती जवळच्या काठ्यांना बांधली, जॉर्जेटची निशाण्याजवळ.

सरावाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सगळ्यांचे नेम बिघडले. रमा सुती साडीला अशी खळ घालायची की साडी तिच्याशिवायही उभी राहील. ती वाऱ्यात ढिम्म हलेना. जॉर्जेट मात्र कुणी शिंकलं तरी फडफडत होती. त्यामुळे इथे वारा नाही आणि तिथे वादळ, असा सगळ्यांनी अंदाज केला. गोळ्या काळ्या वर्तुळाबाहेर. फक्त पायलच्या मधोमध.

पायलच्या शेजारी नेम धरून पडलेला केदार उठून आला. "सर, हिचंच कसं लागतंय?"

"अरे, सासूबाईंच्या साड्या आहेत," पायल म्हणाली. "कुठल्या साडीचा पदर किती हलला की किती राग समजायचा, ते लग्न झाल्यापासून शिकतेय."

"मग हे चीटिंग आहे ना!"

"तू पण कर ना लग्न. कोणी अडवलंय?"

सर म्हणाले, "सगळ्या पट्ट्या एकाच मऊ कापडाच्या पाहिजेत. नाहीतर चाचणी रद्द."

पिशवीत मऊ साडी एकच होती. निळी, घरात नेसायची, धुऊन धुऊन हातरुमालासारखी झालेली. खरं म्हणजे आश्रमात न जाण्याचं कारण तीच होती.

पायलने पिशवीवर हात ठेवला. "बाबा, नको. होऊ दे रद्द."

"आणि घरी फोटोसमोर काय सांगू? साडी वाचवली, सून घरी बसवली? शिव्या घालेल ती."

मी प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री घेतली. रमाने मला कधी कात्रीला हात लावू दिला नव्हता. का, ते सरांना दुसऱ्याच पट्टीला कळलं. शेवटी त्यांनी कापलं, मी साडी धरून राहिलो.

चाचणी सुरू झाली. वारा आला की सगळ्या निळ्या पट्ट्या एकदम उठायच्या. पायल थांबायची, पट्ट्या खाली आल्या की गोळी सोडायची. निशाण्याकडे मी बघितलंच नाही. दुर्बीण हातात होती, पण पट्ट्यांवर.

केदार पहिला आला, पायल दुसरी. दोघांचीही नावं संघात गेली.

केदार एक पट्टी सोडून घेऊन आला. "काका, कापड एक नंबर. वारा लगेच पकडतं. कुठून घेतलेलं?"

"डोंबिवलीतून. दुकान आठवत नाही," मी म्हटलं. "तिचा भाव ठरेपर्यंत मी बाहेर स्टुलावर झोपलेलो."