स्वयंपाकघरातलं शिसं

“जस्त,” डेल म्हणाला आणि हातातलं वजन डावीकडच्या डब्यात टाकलं. “शिसं. शिसं. जस्त. हे पोलादी आहे, ते काय कुणीही सांगेल. शिसं.”

तो बघतसुद्धा नव्हता! टायरच्या दुकानातून आणलेली बादली दोन्ही गुडघ्यांत धरलेली, नजर खिडकीबाहेरच्या खारीवर, आणि गाडीच्या चाकाला तोल यावा म्हणून लावतात ती बोटभर लांबीची वजनं एकेक करून सिमेंटवर आपटणं चाललेलं. शिसं पडलं की ‘बद्द’. जस्त पडलं की ‘टिण्’.

“न बघता कसं कळतं रे तुला?” लॉईडनं विचारलं. हा प्रश्न तो गेली तीस वर्षं दर बुधवारी विचारत आला होता. उत्तर त्याला पाठ होतं. पण ते देताना डेल जसा फुलायचा, तसा दुसऱ्या कशानंच फुलत नसे.

“जस्त बोलतं, बाबा. शिसं गप्प बसतं.”

“मग तुझी आई शंभर टक्के जस्त.”

“सांगतो हं तिला!”

“सांग की. घाबरतो की काय मी?”

आणि दोघंही एकदम घराच्या दाराकडे बघून हसले, कारण घाबरत दोघंही होते.

डेल चव्वेचाळीस वर्षांचा होता. तिसरीत दोनदा बसला, दहावीतून घरी आला, गाडी चालवायच्या लेखी परीक्षेत चारदा नापास झाला, म्हणून कामावर सायकलनं जायचा, भर बर्फातसुद्धा. टायरच्या दुकानात चाकं उतरवायची, चाकं चढवायची. बुधवारी सुट्टी. गावातले लोक त्याच्याशी जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलायचे, जसं काही त्याला ऐकूच येत नाही. पण गॅरेजमध्ये तो उस्ताद होता. पिस्तुलाच्या गोळ्या ओतायला शिसं वितळवायचे त्या कढईत एक जरी जस्ताचा तुकडा पडला तरी सगळा रस नासलेल्या दुधासारखा गुठळ्या धरतो, साच्यात भरतच नाही, अख्खी कढई फेकायची. लॉईडनं ती चूक तीनदा केली होती. डेलनं एकदाही नाही.

आणि पिस्तूल म्हणजे भलतंच नखरेल. एक गोळी सुटली की दुसरं काडतूस आपोआप वर चढतं, पण ते काडतूस जरा जाड असलं, जरा आखूड असलं, की पिस्तूल तोंड वासून अडकून बसतं आणि नेमबाजीच्या क्लबातले सहा म्हातारे एकदम खोकतात. लॉईडचं पिस्तूल कधी अडकत नसे. दर गुरुवारच्या नेमबाजीत तो पहिला यायचा असं नाही, पण अडकायचं नाही. कारण साच्यातून पडलेली प्रत्येक गोळी डेलच्या तळहातावरून जायची. काट्यावर तोलायच्या आधीच तो सांगायचा, “ही पोकळ आहे, बाबा.” आणि ती पोकळ असायची.

आज मात्र लॉईडनं पळी हातात घेतली आणि रस ओतायला गेला, तर पळी कढईच्या काठावर किणकिण वाजायला लागली. बोटांना महिनाभर मुंग्या येत होत्या. एकतीस वर्षं सरकारी ट्रकनं रस्त्यावरचा बर्फ ढकललेला माणूस, त्याला वाटलं, थंडीनं खाल्ली बोटं. बायकोनं, आर्लीननं, हट्ट करून दवाखान्यात पाठवलं होतं, रक्त काढून दिलं होतं.

“द्या इकडे,” डेल म्हणाला.

तेवढ्यात आर्लीनची हाक आली. “लॉईड! दवाखान्यातला फोन. आणि बूट काढून ये.”

*

फोनवरची नर्स पोरगेलीच होती. नाव म्हणाली कोरा. तिनं आकडा सांगितला. लॉईडला आकड्यातलं काही कळलं नाही.

“म्हणजे चांगलं की वाईट?”

“रक्तात शिसं फार आहे, मिस्टर क्रेगल. तुम्ही शिशाचं काही काम करता का?”

“गोळ्या ओततो. पिस्तुलाच्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली.”

“ते आजपासून बंद. आजपासून म्हणजे खरंच आजपासून हं. घरात लहान मूल आहे का कुणी?”

“माझा मुलगा आहे. चव्वेचाळीस वर्षांचा.” तो हसला. ती हसली नाही.

“तोही करतो हे काम?”

“करतो म्हणजे! माझ्यापेक्षा चांगलं करतो.”

“किती वर्षांपासून आहे तो तुमच्याबरोबर?”

लॉईडनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि त्याच्या डोळ्यांपुढे हेच स्वयंपाकघर उभं राहिलं. तेव्हा गॅरेज नव्हतं, होती ती उघडी शेड, हिवाळ्यात तिथे साचा तापायचा नाही. मग याच चुलीवर, आर्लीनच्या जुन्या पातेल्यात शिसं वितळायचं. आणि दोन वर्षांचा डेल त्याच्या उंच खुर्चीत बसून टाळ्या पिटायचा, कारण रसावरची मळी काढली की खाली लख्ख चांदी दिसायची. गार झालेल्या गोळ्या लॉईड त्याला खेळायला द्यायचा. ओळीत मांडायला. तो मांडायचा, आणि एखादी तोंडात घालायचा. दात येत होते ना.

“मिस्टर क्रेगल?”

“लहान होता,” लॉईड म्हणाला.

मग कोरा हळू आवाजात बोलायला लागली. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, शिकायला जड जातं, लक्ष लागत नाही, आता इतक्या वर्षांनी नक्की काही सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही, पण त्यालाही घेऊन या, शुक्रवारी दहाला. ती चांगली होती बिचारी. तिनं दोनदा म्हटलं, त्या काळी लोकांना कुठे ठाऊक होतं.

*

आर्लीन बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

“तुला ऐकू आलं?”

“आलं.”

“आर्लीन, मी त्याला... याच टेबलावर...”

“मला माहीत आहे.”

“आत्ता ऐकलंस म्हणून माहीत आहे.”

“नाही,” ती म्हणाली. सुरी खाली ठेवली. “तो नऊ वर्षांचा होता तेव्हापासून. शाळेत तपासणीला बाई आली होती. घरात काय काय असतं ते तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं मला डॉक्टरकडे धाडलं. तू रस्त्यावर होतास तेव्हा, तो मोठा बर्फ पडला त्या आठवड्यात. त्याचं रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं शिसं पुढे उतरेल, पण जे झालं ते झालं.”

लॉईड बसला. खुर्ची ओढायचंही त्याला सुचलं नाही, होती तिथेच कडेला टेकला. आता एकेक गोष्ट आपल्या पायांनी चालत त्याच्यासमोर येऊन उभी राहायला लागली. त्याच हिवाळ्यात आर्लीननं वास येतो म्हणून केवढं रणकंदन केलं होतं! पातेलं अंगणात भिरकावलं होतं. तिच्या माहेरच्या पैशांतून गॅरेज बांधून घेतलं होतं. डेल बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला गॅरेजचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. आणि त्यानंतरची सगळी वर्षं तेच पालुपद: बूट बाहेर, हात कोपरापर्यंत धुवा, ते कपडे माझ्या कपड्यांत टाकू नका. क्लबात लॉईड तिची नक्कल करून म्हाताऱ्यांना हसवायचा. चांगली वठायची नक्कल.

“पस्तीस वर्षं,” तो म्हणाला. “पस्तीस वर्षं तू मला सांगितलं नाहीस!”

“काय केलं असतंस?”

“पिस्तूल विकलं असतं. दुसऱ्या दिवशी.”

“हो. विकलं असतंस.” तिनं पुन्हा सुरी उचलली, पण सोललं काहीच नाही. “आणि मग त्याच्याशी बोलायला तुझ्याकडे काय उरलं असतं, लॉईड? बेसबॉल त्याला कळायचा नाही, पुस्तक त्याला यायचं नाही. तू त्याच्याकडे बघून उसासे टाकायचास. त्या गॅरेजमध्ये तू त्याला पहिल्यांदा शाबास म्हणालास. मी खिडकीतून ऐकलं.”

लॉईडला दुसरंच आठवत होतं. तिसरीचं प्रगतिपुस्तक, त्याच टेबलावर. तो ओरडला होता, आळशी आहेस, डोकं लाव, नुसता बसतोस, डोकं लाव! आणि एक ठेवून दिली होती. फार जोरात नाही. पण ठेवून दिली होती.

“त्याला मी सांगू?” आर्लीननं विचारलं.

“नको,” तो म्हणाला आणि उठला.

*

गॅरेजमध्ये डेलनं कढईचं बटण बंद केलं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाबा नसताना रस तापत ठेवायचा नाही हा त्याचा स्वतःचा नियम. निवडलेल्या वजनांची तीन डबडी ओळीत लावून तो खोक्यावर बसला होता.

“वाईट आहे का, बाबा? तुम्ही मरणार नाही ना?”

“छे रे. म्हातारं खोड आहे मी.” लॉईड त्याच्यासमोर पालथ्या बादलीवर बसला. “डेल, हे शिसं अंगात जातं. माझ्या गेलंय. आपल्याला हे बंद करावं लागणार.”

“हातमोजे घालू की.”

“मोज्यानं भागणार नाही. आणि अजून एक आहे.” त्यानं बोटं एकमेकांत अडकवली. “तू लहान होतास ना, अगदी लहान, तेव्हा मी हे घरात करायचो. चुलीवर. तू जवळ बसायचास. लहान पोराच्या अंगात शिसं गेलं, तर ते डोक्यावर परिणाम करतं. शाळा जड जाते. नक्की कुणी सांगू शकत नाही. पण बहुतेक... ते माझ्यामुळे झालं असणार, डेल.”

बाहेर खार छपरावरून पळाली. डेलनं तिकडे बघितलं नाही. तो विचार करायला लागला की त्याच्या कपाळावर एक उभी आठी पडायची, लहानपणापासून, आणि ती उठेपर्यंत वाट बघायची असते हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. लॉईड वाट बघत बसला. त्याला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडू दे. वाटलं, डबडं फेकून मारेल. मारू दे.

“म्हणजे मी आळशी नव्हतो,” डेल म्हणाला.

“नव्हतास.”

“तुम्ही म्हणायचात, डोकं लाव. बाईपण म्हणायच्या.” तो बापाकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग शोधूनही सापडत नव्हता, असता तर बरं झालं असतं. “मी लावत होतो, बाबा. सारखा लावत होतो. दुखायचं, एवढं लावायचो.”

लॉईडनं मान हलवली. एकदा हलवली, मग हलवतच राहिला.

“उद्या गुरुवार आहे,” डेल म्हणाला.

“उद्या मी जाणार नाही.”

“पण भरलेली काडतुसं आहेत दोन पेट्या. मी तपासलीयत सगळी.”

“ठाऊक आहे. ती एकदम चांगली असणार.”

“मग बुधवारी मी काय करायचं?”

लॉईड नुसताच कढईकडे बघत राहिला. रस वरून करडा पडत चालला होता.

*

शुक्रवारी दहाला कोरानं डेलची बाही वर केली. अंगानं किरकोळ, केसांत पेन्सिल खोचलेली. लॉईड डेलचं जाकीट मांडीवर घेऊन बाजूला बसला होता.

“हे काम कधीपासून करता तुम्ही?” ती फॉर्म भरत होती.

“लहानपणापासून,” डेल म्हणाला. ती त्याच्याशी मोठ्यानं बोलली नाही, सावकाश बोलली नाही, म्हणून त्याला ती आवडली होती. “मी आणि बाबा. मी शिसं निवडतो, बाबा ओततात. मग मी गोळ्या तपासतो. आमचं काडतूस कधी अडकलं नाही. क्लबात कुणालाही विचारा.”

“अरे वा,” कोरा म्हणाली. तिची नजर चुकून लॉईडकडे गेली, तशी तिनं ती लगेच फॉर्मवर आणली.

सुई शिरली. डेलनं तोंड फिरवलं नाही. नळीत चढणारं रक्त तो डोळे बारीक करून बघत होता, अगदी बारकाईनं, जणू त्यात काही निवडायचं आहे. मग तिनं कापूस लावला, हात कोपरात दुमडला. “असाच घट्ट धरून ठेवा. मी सांगते तेव्हा सोडा, हं.” आणि शेजारच्या खोलीत कुणाचं तरी मूल रडायला लागलं, तशी ती धावत गेली. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईनं पुढच्या तारखेचा कागद दिला आणि झालं म्हणून सांगितलं.

दोघं गाडीत बसून घराकडे निघाले. पूल गेला, टायरचं दुकान गेलं. दुकानातल्या एकानं हात केला. डेलनं मान हलवली. क्लबाच्या फाट्यावर लॉईडचा पाय जरासा ढिला पडला, मग त्यानं गाडी पुढे नेली. वीस मैल. घरासमोर त्यानं इंजिन बंद केलं, तेव्हा शेजारी काहीतरी खुडबुड ऐकू आली. डेल एकाच हातानं सीटचा पट्टा सोडायची खटपट करत होता. दुसरा हात कोपरात दुमडलेला, छातीशी घट्ट, मूठ पांढरी पडलेली.

“अजून धरलायस?”

“ती सांगणार होती,” डेल म्हणाला. “तिनं सांगितलंच नाही.”

आर्लीन दारात येऊन उभी होती. ती पायऱ्या उतरली नाही. लॉईडनं स्टिअरिंगवरचा हात काढला आणि डेलच्या कोपरावर ठेवला. डेल तसाच धरून बसला होता.

“सोड आता,” लॉईड म्हणाला.

डेलनं हात हळूहळू सरळ केला. कापसावर मसुराच्या दाण्याएवढा डाग होता, केव्हाच सुकलेला.