फोटो कुणी काढला

फोटो ग्रुपवर दुपारीच पडला होता. उषाबाईंना तो दिसला संध्याकाळी, सुटी झाल्यावर गेटवर फोन परत मिळाला तेव्हा. मिलमध्ये कामगारांनी फोन आत न्यायचा नाही, असा नियम होता.

फोटोत घडीखात्याचा मागचा दरवाजा होता. त्याला भलंमोठं कुलूप, आणि पुढे साड्यांचे गठ्ठे रचलेले. खाली लिहिलं होतं, ‘आग लागली तर आम्ही पळायचं कुठून?’ लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं.

सचिन औद्योगिक वसाहतीतल्या त्या साडीमिलमध्ये उषाबाई बरीच वर्षं साड्यांच्या घड्या घालत होत्या. कुलूप त्यांच्या पाठीमागेच असे. साड्या चोरीला जातात म्हणून ते लावलेलं. बाया आपसांत कुरकुरत, पण मोठ्यानं कुणी बोललं नव्हतं. मग पल्लवी मॅडम आल्या, कामगारांचं सगळं बघणाऱ्या नव्या अधिकारी. त्यांनी फेसबुकवर मिलपुरता ग्रुप काढला आणि सांगितलं, “काय बदलायला हवं ते लिहा. नाव लपवूनही लिहिता येतं.”

“आपल्यापासून लपतं. वरच्यांना दिसत नसेल कशावरून?” उषाबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. तो ग्रुप म्हणजे त्यांना उंदराच्या पिंजऱ्यातली भाकरी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर लक्ष्मण घडीखात्यात आला. त्याचा चेहरा उतरलेला होता. “वरून विचारणा आलीय. फोटो कुणी काढला?”

कुणी मान वर केली नाही. पण जेवणाच्या सुटीत कुजबुज सुरू झाली. घडीखात्यातल्याच सोनालीनं एकदा डब्याच्या पिशवीत लपवून फोन आत आणला होता आणि ती पकडली गेली होती. तीच असणार. कुणी म्हणालं, मॅडमनीच तिला पुढं केलंय, कोण कोण हो म्हणतं ते बघायला. संध्याकाळपर्यंत सोनालीच्या टेबलाजवळ कुणी फिरकेना. उषाबाईंनीही आपला डबा उचलून दुसरीकडे नेला.

लक्ष्मणनं उषाबाईंना बाजूला घेतलं. “तुम्ही जुन्या आहात. सोनालीच ना?”

उषाबाई हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. लक्ष्मणला तेवढं पुरलं. ‘बोलावू तेव्हा ये’ असं सांगून सोनालीला घरी बसवलं.

दोन घास कमीच जायला लागले तेव्हा रविवारी उषाबाई डिंडोलीच्या आपल्या घरून रिक्षा करून बमरोलीला सोनालीकडे गेल्या. सोनालीनं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही.

“तूच काढा ना फोटू?” उषाबाईंनी गावाकडच्या बोलीत विचारलं.

“मी?” सोनाली चमकली. “माले तं वाटनं तुमीच काढा! म्हणीसन तुमी मनासंगे बोलेत नही.”

मग सोनालीनं आतून फोन आणला आणि फोटो मोठा करून दाखवला. गठ्ठ्यांचे माथे दिसत होते. कोपऱ्यात लोखंडी कठडा होता.

“जिन्यावरून काढेल शे,” ती म्हणाली. “त्या जिन्यावर आपल्याले कोन चढू दी?”

तो जिना फक्त ऑफिसात जात होता. लक्ष्मणमध्ये तेवढी हिंमत नव्हती. मॅनेजर स्वतःच्याच मिलचा असा फोटो कशाला टाकेल? उषाबाईंच्या मनात एकच नाव उरलं.

सोमवारी त्या कुणाला न विचारता तो जिना चढल्या. पल्लवी मॅडम एकट्याच होत्या.

“फोटो तुम्ही काढला.”

मॅडमनी आधी नकारार्थी मान हलवली, मग उठून दार लोटलं. “मी मॅनेजरना कितीदा सांगितलं. ते म्हणतात, कामगारांची तक्रार आहे कुठे? म्हणून वाटलं, एकानं लिहिलंय असं दिसलं तर बाकीचे लिहितील.”

“म्हणून आमच्या तोंडून तुम्हीच बोललात.”

“मी कुणाचंच नाव लावलं नव्हतं, उषाबेन.”

“नाव नव्हतं म्हणूनच ते सोनालीला चिकटलं.”

मॅडमनी लोटलेल्या दाराकडे बघितलं. म्हणाल्या, “मलाही नोकरी आहे.”

“मग तुम्हाला कळतच असेल,” उषाबाई म्हणाल्या. “त्या फोटोखाली तुमचं नाव घाला. त्याच्याखाली मी माझं घालते.”

मॅडमनी हो म्हटलं. संध्याकाळी गेटवर फोन हातात येताच उषाबाईंनी ग्रुप उघडला. नाव नव्हतं. रिक्षात दोनदा बघितलं, घरी चूल पेटवायच्या आधी बघितलं. नाहीच. म्हणजे बाईनं गोड बोलून आपल्याला खाली पाठवलं, आणि एव्हाना मॅनेजरच्या कानावरही घातलं असेल. उद्या गेटवरच अडवतील. त्यांनी नवऱ्याला, निंबाला, काही सांगितलं नाही. फक्त भाजीत मीठ दोनदा पडलं.

सकाळी गेटवर फोन जमा करण्याआधी त्यांनी शेवटचं बघितलं. पल्लवी मॅडमच्या नावानं नवा मजकूर आला होता: फोटो मी काढला, सोनालीचा काही संबंध नाही.

रांगेतले मागचे लोक ढकलत होते. उषाबाईंचा अंगठा घामानं ओला झाला होता, अक्षरं उमटेनात. तरी त्यांनी लिहिलं, ‘कुलूप काढा. सोनालीला परत बोलवा. उषा निंबा पाटील, घडीखातं.’ आणि फोन वॉचमनच्या हातात दिला.

त्या दिवशी त्यांना कुणी बोलावलं नाही. दिवसभर पावलं वाजली की त्या दचकत. संध्याकाळी घरी पोचून पुन्हा बघितलं तर त्यांच्याखाली घडीखात्यातल्या धुरपदाबाईंचं नाव होतं, सुटीवर असलेल्या ज्योतीचं, रंगखात्यातल्या दोघांचं. दुसऱ्या दिवशी आणखी नावं आली. आठवडा उलटायच्या आत गठ्ठे हलले, कुलूप निघालं. मॅनेजर मात्र पल्लवी मॅडमशी बोलेनासा झाला. त्या इथं किती दिवस टिकतील, हे कुणालाच सांगता येईना.

सोनाली परत आली. आपल्या टेबलावर बसली, कामापुरतं बोलू लागली. उषाबाईंनी डबा तिच्याजवळ नेला तरी ती खाली बघूनच जेवे. असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी ती घडी घालता घालता थांबली.

“तवय लक्ष्मणले तुमी काबर काही बोलनात नही?”

उषाबाईंनी हातातली साडी खाली ठेवली. “माले भेव वाटनं.”

सोनालीनं त्या साडीचं दुसरं टोक धरून घडी घालायला घेतली.