गेर्लिंडेचं रेगेन्सबुर्ग

सकाळी नऊ वाजता बोट रेगेन्सबुर्गच्या धक्क्याला लागली आणि गेर्लिंडेला वाटलं, आपण उतरूच नये.

तसं हे तिला पासाऊला बोटीत चढल्यापासूनच वाटत होतं. पण काल रात्रीपर्यंत तिला एक आशा होती. या बोटीवर प्रत्येक पाहुण्याला गळ्यात अडकवायचं एक छोटं यंत्र आणि कानात घालायची एक गोळी मिळते. शहरात उतरलं की नंबराची पाटी धरलेली एक बाई पुढे चालते आणि हळू आवाजात बोलते. पंचवीस माणसं आपापल्या कानात तिचं ऐकत मागून जातात. अशी पाटीवाली पुढे असली की गेर्लिंडेला तोंड उघडायची गरजच पडणार नव्हती.

पण न्याहारीच्या टेबलावर हेडविगने अंड्याचं टोक चमच्याने उडवलं आणि निकाल देऊन टाकला.

"त्या पाटीच्या मागे मेंढरांसारखं फिरायचं नाही. आपल्याकडे आपली गेर्लिंडे आहे."

"तर काय!" इर्मा म्हणाली. "पाटीवाल्या बाईला लोरेंत्स कुठे माहीत असणार?"

दोघींनी आपापली यंत्रं खोलीतच पलंगावर टाकली. गेर्लिंडेने आपलं कोटाच्या खिशात सारलं, कानात गोळी घातली आणि वरून लोकरीची टोपी खाली ओढली.

"मे महिन्यात टोपी?" हेडविगने विचारलं.

"कान दुखतोय," गेर्लिंडे म्हणाली. दिवसातलं हे पहिलं खोटं. अजून साडेनऊही वाजले नव्हते.

गेर्लिंडे चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात होती आणि तिथे तिच्या हातून मिलिग्रॅमचीही चूक झाली नव्हती. खोटं मात्र ती मापाशिवाय घालत गेली. सुरुवात एका वाक्याने झाली. एकतीस वर्षांपूर्वी ती ब्राकेल गावात नवी राहायला आली, तेव्हा हेडविगने तिला गुरुवारच्या कॉफीला बोलावलं. हेडविग शाळेत गणित शिकवायची, आणि ऐन तारुण्यात मोटरसायकलवरून एकटी रोमला जाऊन आली होती. इर्माने घरातून पळून जाऊन एका पावभट्टीवाल्याशी लग्न केलं होतं. दोघींचं सांगून झालं आणि चार डोळे गेर्लिंडेकडे वळले. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. ती म्हणाली, "रेगेन्सबुर्गला शिकत होते तेव्हा मी एका नावाड्याबरोबर नाचायला जायचे."

झालं. पुढच्या गुरुवारी नावाड्याला लोरेंत्स हे नाव लागलं. मग नदीकाठचं नाचघर आलं, छपरांवरून केलेली पळापळ आली, मध्यरात्री वल्हवलेली नाव आली. एवढं सगळं होतं तर लग्न का नाही केलंस, असं इर्माने एकदा विचारलं, तेव्हा नाइलाजाने गेर्लिंडेने लोरेंत्सला डॅन्यूब नदीत बुडवलं.

खरं एवढंच होतं की अठराव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत ती इथल्या ख्रिस्ती जोगिणींच्या इस्पितळात, तळघरातल्या औषधालयात बाटल्या धूत होती. फाटक सहाला बंद व्हायचं. रविवारी दोन-दोनच्या रांगेत चर्चला जायचं आणि त्याच रांगेत परत यायचं. शहराचा प्रसिद्ध दगडी पूलसुद्धा तिने पाहिला होता तो चित्रातच.

आणि आता तिच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून या दोघींनी तिला न विचारता हा प्रवास ठरवला होता. आजचा दिवस निभावला नाही, तर पुढच्या गुरुवारी हेडविगच्या टेबलावर कुठल्या तोंडाने बसायचं, हे गेर्लिंडेला कळत नव्हतं. आणि गुरुवार सोडला तर तिच्याकडे आठवड्यात दुसरं काही नव्हतं.

चार नंबरची पाटी श्टाडलर नावाच्या एका धिप्पाड बाईच्या हातात होती. गेर्लिंडेने पहिल्या दहा मिनिटांत मोजून घेतलं. मोकळ्यावर साठ पावलांपर्यंत आवाज स्वच्छ येत होता. मध्ये भिंत आली की वीस पावलांतच खरखर सुरू. तिने मैत्रिणींना पन्नास पावलांवर ठेवलं.

पुलावर सगळं झकास जमलं.

"हा पूल बांधणाऱ्याने सैतानाशी करार केला," गेर्लिंडे कानातलं ऐकत म्हणाली. "पूल लवकर पुरा करून दे, पहिले तीन जीव पलीकडे जातील ते तुझे. आणि पूल झाल्यावर त्याने सोडलं काय? एक कोंबडा, एक कोंबडी आणि एक कुत्रा!"

इर्मा खुदकन हसली. "किती छान सांगतेस गं!"

"पुढची माणसं पण हसली," हेडविग म्हणाली. "तुझ्या आधी."

"जुना विनोद आहे, सगळ्यांना माहीत असतो. सैतान चिडला आणि त्याने खालून पुलाला ढुशी दिली, म्हणून मध्ये हा उंचवटा. आता उजव्या बाजूला व्हा, सायकल येतेय."

दोघी कठड्याला चिकटल्या. पुलावर सायकल नव्हती. हेडविगने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. ती तोंड उघडणार एवढ्यात समोरच्या घोळक्यातून एक सायकलवाला घंटी वाजवत आला आणि तिच्या कोपराला घासून गेला.

"बघ!" इर्माने हेडविगला ढोसलं. "हिला या गावाची नस न् नस माहीत आहे."

 हेडविग सायकलकडे पाहत राहिली आणि मग चार नंबरच्या पाटीकडे. हेडविगचं हे असं पाहणं ब्राकेलमधल्या दोन पिढ्यांनी फळ्यासमोर उभं राहून अनुभवलं होतं.

पूल ओलांडून, परत येऊन, गल्ल्यांतून सगळे एका जुन्या घरासमोर आले. घराच्या अख्ख्या भिंतीवर गोलियाथ राक्षस रंगवलेला होता. खिडकीवर कोपर टेकून तो आळसावलेला उभा, आणि त्याच्या पायाशी गोफण घेतलेला चिमुकला डेव्हिड. पाटीवाली थांबली, तशी गेर्लिंडेही पन्नास पावलांवर थांबली. आता ती सरावली होती. ऐकायचं आणि सोडायचं, मध्ये विचार करायचा नाही. चाळण आणि भांडं यांच्यामध्ये विचाराचं काय काम?

"चित्र सोळाव्या शतकातलं," ती ठसक्यात म्हणाली. "मधल्या काळात बऱ्याचदा पुन्हा रंगवलंय. राक्षसाची उंची बघा, तीन मजले. आणि मांजराला पुन्हा जुलाब झालेत."

दोघींनी वळून तिच्याकडे पाहिलं.

कानात श्टाडलरबाई फोनवर कोणाला तरी बजावत होत्या: गालिच्यावर केलं असेल तर आधी मीठ टाक, मी येईपर्यंत खायला काही देऊ नकोस. माइक बंद करायला बाई विसरल्या होत्या. पुढे पंचवीस माणसं गोलियाथकडे बघत गुपचूप मांजराची हकिकत ऐकत होती.

"कोणाच्या मांजराला?" हेडविगने विचारलं.

"चित्रकाराच्या."

"सोळाव्या शतकात."

"हो. म्हणून चित्राला उशीर झाला."

"बिचारं," इर्मा म्हणाली. तिच्या घरी तीन मांजरं होती.

"आणि चारशे वर्षांपूर्वीच्या मांजराचे जुलाब कोणी नोंदवून ठेवले?"

"इथली नगरपालिका फार काटेकोर आहे," गेर्लिंडे म्हणाली. तिच्या टोपीखाली घामाची धार लागली होती.

हेडविगने पर्सचं बक्कल लावलं. "छान. राक्षस झाला, मांजर झालं. आता आपण नाचघर बघू."

चार नंबरची पाटी डावीकडे, मोठ्या चर्चकडे वळली. गेर्लिंडे अभावितपणे एक पाऊल तिकडे सरकली.

"तिकडे होतं नाचघर? चर्चमध्ये?"

"नाही, नाही. पण हेडविग, ते कधीच बंद पडलं असेल."

"इमारत तर नाही ना चालत गेली?"

"आणि मला ती जागासुद्धा बघायचीय," इर्मा हळूच म्हणाली. तिने पिशवीत हात घालून कबरीवर लावतात तसली लाल काचेतली मेणबत्ती काढली. "घरून आणलीय. ब्राकेलच्या चर्चमध्ये त्याच्यासाठी दरवर्षी मृतांच्या दिवशी एक लावते. एकोणीस झाल्या. म्हटलं, विसावी जिथे तो गेला तिथेच लावावी."

गेर्लिंडेला हे माहीत नव्हतं. तिने मेणबत्तीकडे पाहिलं. कानात खरखर झाली आणि श्टाडलरबाईंचा आवाज गेला तो गेलाच.

"चला," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ती चालत सुटली. कुठे, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. एक गल्ली आली, तिथे ती आत्मविश्वासाने उजवीकडे वळली. पुढे एका घराचं अंगण निघालं, तिथून तितक्याच आत्मविश्वासाने परत फिरली. नदी मागे पडत चालली होती. नावाड्यांचं नाचघर नदीपासून इतकं दूर का बांधलं असेल, अशी पृच्छा हेडविगने केली. पुराच्या भीतीने, असं उत्तर गेर्लिंडेने दिलं. मग तिने उत्तरं द्यायचंही सोडलं आणि पाय नेतील तिकडे गेली. पायांना या गावात एकच रस्ता येत होता. दोन वर्षं रांगेत चालून पाठ झालेला.

त्या थांबल्या तेव्हा समोर उंच भिंत, हिरवं लाकडी फाटक आणि फाटकावर क्रूस होता. फाटक उघडं होतं. आत फरसबंद चौक, आणि जमिनीलगत जाळी लावलेली बुटकी खिडकी.

"हे नाचघर?" हेडविगने क्रूसाकडे पाहत विचारलं.

इर्माने काही विचारलं नाही. ती गुडघे सांभाळत चौकातल्या नळाशी वाकली, मेणबत्ती खाली ठेवली आणि काडेपेटी शोधू लागली. "पाणी जवळ आहे एवढं पुरे," ती पुटपुटली. "बिचारा लोरेंत्स. पोहायला येत असतं तर..."

पहिली काडी वाऱ्याने विझली. इर्माने दुसरी काढली.

"लावू नकोस," गेर्लिंडे म्हणाली.

"का गं?"

"तो बुडाला नाही."

इर्माचा चेहरा उजळला. "जिवंत आहे?"

"तेही नाही." गेर्लिंडेने टोपी काढली, कानातली गोळी काढली आणि खिशातल्या यंत्रासकट हेडविगच्या हातात दिली. "तो नव्हताच. नाचघर नव्हतं, नाव नव्हती. ही खिडकी होती. हिच्या मागे मी दोन वर्षं बाटल्या धुतल्या. पूल मी आज पहिल्यांदा पाहिला."

 चौकात एक कबूतर चालत होतं, ते थांबलं. इर्मा काडी हातात धरून बसून राहिली.

"एकोणीस वर्षं," ती शेवटी म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या आधी मी त्याची लावायचे. नवरा म्हणाला असेल वरती, हा कोण उपटसुंभ?"

"माफ कर, इर्मा."

"आणि मी कोणासाठी रडत होते गं?"

 गेर्लिंडे हेडविगच्या तोंडाकडे बघत राहिली. हेडविगने कानातली गोळी रुमालाने पुसली आणि तिची वायर यंत्राला नीट गुंडाळली.

"पंधरा सेकंद," ती म्हणाली.

"काय?"

"पाटीमागची माणसं हसायची आणि पंधरा सेकंदांनी तू विनोद सांगायचीस. पुलावरच मोजलं मी. आणि लोरेंत्स दोनदा बुडालाय. एकदा मार्चमध्ये बर्फ फुटलं तेव्हा, आणि एकदा सप्टेंबरात, द्राक्षांच्या जत्रेच्या दिवशी. तू ते सांगून बारा-तेरा वर्षं झाली."

गेर्लिंडे एक पाऊल पुढे आली. "मग बोलली का नाहीस?"

"आणि गुरुवारी आपण काय बोललो असतो? गुडघ्यांवर?" हेडविगने चष्मा वर सारला. "पण आज मी ठरवूनच आले होते. बघू म्हटलं, कुठपर्यंत नेते. मांजरापर्यंत नेशील असं मात्र वाटलं नव्हतं."

इर्माला उठायला दोघींनी हात दिला. तिने मेणबत्ती पुसून परत पिशवीत ठेवली. "असू दे. आपल्या वयाला वाया नाही जायची," ती म्हणाली आणि फाटकाशेजारच्या बाकावर धपकन बसली. अजून ती फुरंगटलेलीच होती. "दोन वर्षं नुसत्या बाटल्या? काहीच झालं नाही?"

"काहीच नाही. म्हणजे, एकदा बिशपसाहेब आले होते."

"मग?"

"त्यांचं पोट बिघडलं होतं. सिस्टर आडेलगुंडिसने मला बडीशेपेचा अर्क आणायला पाठवलं. बाटल्या धुताना मी लेबलं वाळत घालायचे आणि मग पुन्हा चिकटवायचे." गेर्लिंडे थांबली. हे तिने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. "त्या दिवशी अर्काच्या बाटलीत एरंडेल होतं. बिशपसाहेब तासाभराची प्रार्थना करणार होते. अकरा मिनिटांत उरकली त्यांनी. आशीर्वाद दिला तो दारातून, पाठमोऱ्याने."

हेडविगच्या घशातून एक विचित्र आवाज आला.

"आणि सगळ्या जोगिणी महिनाभर म्हणत होत्या, काय साधेपणा! काय नम्रता! थोर माणूस, पण बडेजाव नाही!"

इर्माने तोंडावर पिशवी धरली. पिशवी हलू लागली. हेडविगने भिंतीला हात टेकला. तिचा चष्मा नाकावरून घसरला, आणि वर्गात पस्तीस वर्षं कधी न हसलेली ती बाई हुंदके दिल्यासारखी हसत राहिली. आतून एका दरवानाने येऊन विचारलं, कोणाला बरं वाटत नाहीये का?

"आणि हे सोडून," हेडविग डोळे पुसत म्हणाली, "हे सोडून तू आम्हाला वल्हवणारा माणूस देत होतीस? सिस्टरचं पुढे काय झालं?"

"सांगते. पण बोट एकला सुटते आणि साडेबारा झालेत."

"मग चल, रस्ता दाखव."

गेर्लिंडेने दोन्ही दिशांना पाहिलं. एका बाजूला रविवारच्या रांगेचं चर्च होतं. दुसऱ्या बाजूला ती कधी गेलीच नव्हती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. हे सांगताना तिला चक्क हसू आलं.

कोपऱ्यावर एक म्हातारा कुत्र्याला घेऊन उभा होता. हेडविगने त्याला धक्क्याचा रस्ता विचारला. त्याने तिघींकडे आलटून पालटून पाहिलं.

"पहिल्यांदाच आलात वाटतं रेगेन्सबुर्गला?"

"आम्ही दोघी," हेडविग म्हणाली. "ही इथे दोन वर्षं राहिलेली आहे."

"अरे वा! कुठे होतात बाई?"

इर्मा आणि हेडविग दोघींनी माना वळवल्या आणि वाट पाहू लागल्या.

"तळघरात," गेर्लिंडे म्हणाली. "बाटल्या धुवायला."

म्हाताऱ्याला आणखी काही विचारायचं होतं, पण त्या थांबल्या नाहीत. इर्माने गेर्लिंडेचा एक हात धरला, हेडविगने दुसरा, आणि घाईघाईत निघालेल्या तिघी पहिल्याच वळणावर चुकल्या.