साधी गाठ

डॉक्टरांच्या पेनाचं टोक त्या पांढऱ्या ठिपक्यापाशी थांबलं – ज्वारीच्या दाण्याएवढा, पुरता गोल, मागून दिवा लावलेल्या काळ्या फिल्मवर असा उठून दिसणारा, की नागोरावांना त्याच्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना... खोकल्यासाठी काढलेल्या एक्स-रेत काहीतरी दिसल्यापासून गेले नऊ दिवस ते मनातल्या मनात एकेकाचा निरोप घेत होते.

"काका, घाबरू नका. ही कॅन्सरची गाठ नाही. कडा बघा, गुळगुळीत. आत सगळं कॅल्शियम साचलंय, म्हणून एवढी पांढरी. फार जुनी आहे. लहानपणी टीबीचे जंतू गेले असणार, शरीरानं तिथंच कोंडून टाकले."

हिंजवडीच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून आलेल्या नम्रतानं वडिलांचा हात घट्ट धरला.

"घरात कुणाला टीबी होता?"

"नाही," नागोराव म्हणाले.

किती चटकन म्हणालो मी! बासष्टाव्या वर्षीही उत्तर तयार – वाशीमकडच्या त्या घरात, सहा वर्षांच्या पोराला वडिलांनी पढवलेलं. कुणी विचारलं तर दुर्गाक्का टायफॉइडनं गेली म्हणायचं. पुढे तर तिचं नावच काढायचं नाही असं ठरलं, कारण धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची होती.

रिक्षात नम्रता मोबाईलवर आईला सांगत होती, "अगं, काही नाहीये! साधी गाठ आहे. रडतेस काय?" कर्वे रोडवर उन्हात वाहनं तुंबलेली. नागोरावांनी डोळे मिटले... गोठ्यामागची खोली. सतरा वर्षांची अक्का, तिचं वेगळं ताट, वेगळा तांब्या. दुपारी सगळे झोपले की तो तिच्या गोधडीत शिरायचा. "दूर हो रे नागू," ती म्हणायची, ढकलायचीही – पण ढकलणाऱ्या हातात जोर नसायचा, आणि मग तोच हात पाठीवरून फिरायचा. एका दुपारी त्याला तिथंच झोप लागली. आईनं त्याला दंडाला धरून ओढून काढलं आणि त्या दिवसापासून दाराला बाहेरून कडी लागली. आत भाकरी सरकवायची, पुन्हा कडी. तो दाराशी जाऊन बसायचा, आतून खोकला यायचा, कधी "नागू, आहेस का?" – आणि आईच्या भीतीनं तो ओ द्यायचा नाही. असे अकरा दिवस. बाराव्या सकाळी आतून काहीच आलं नाही.

माझ्यामुळे लागली कडी. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पिंपरीच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून तीस वर्षं काढली, संसार केला, हे तेवढं आत राहिलं.

नम्रता त्यांना फाटकाशी सोडून ऑफिसला गेली. सुशीलाबाईंनी शिरा केला होता, डोळे सुजलेले होते. वाटी पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "खा आता. नऊ दिवस धड जेवला नाहीत."

"माझी एक मोठी बहीण होती," नागोराव म्हणाले.

सुशीलाबाईंनी ओट्याकडे वळून गॅस बंद केला. "दुर्गा. ठाऊक आहे मला. सासूबाईंनी जाताना सांगितलं. म्हणाल्या, त्याला विचारू नको, तो आपणहून बोलेल... वीस वर्षं झाली, अहो."

नागोरावांनी चमचा खाली ठेवला. आई. म्हणजे तिलाही कुठंतरी सांगावंसं वाटलं होतं. मग मी आणि ती इतकी वर्षं एका घरात...

"तिचाच आजार होता माझ्यात. डॉक्टर म्हणाले, जुना."

"म्हणजे तेव्हाच लागला होता?"

"तेव्हाच. त्या गोधडीतच."

आणि बोलता बोलताच ते थबकले. कडी लागली त्याच्या आधीच. आईनं दंडाला धरून ओढलं तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या बंद दारानं कुणाला वाचवलंच नव्हतं. दार उघडं असतं, तो आत बसला असता, तरी आज हेच, असंच असतं... ते अकरा दिवस तिला फुकटच एकटं ठेवलं होतं. इतकी वर्षं वाटायचं, निदान कडीमुळे मी जगलो.

"दिसायला कशी होती हो?" सुशीलाबाई समोर बसत हलकेच म्हणाल्या.

नागोरावांनी आठवून पाहिलं. हात आठवला, आवाज आठवला. चेहऱ्याच्या जागी काहीच येईना – आणि बासष्ट वर्षांचा तो माणूस, सगळं ठीक असल्याचा कागद खिशात असताना, पहिल्यांदाच कुणीतरी आपलं गेल्यासारखा घाबरून बायकोकडे बघत राहिला.