जुन्यावर नवं

आप्पांना न घाबरणारा माणूस त्या गॅरेजमध्ये अजून पाऊल ठेवायचा होता. सून त्यांच्याच हाताखाली इंजिनं उघडायला शिकली, म्हणजे आधी घाबरायला शिकली आणि मग पाना धरायला. आप्पांचा एक नियम होता. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आणि खालचा ब्लॉक यांच्या मध्ये बसणारं पत्र्याचं गॅस्केट आणलं की ते जुन्यावर ठेवून बघायचं, भोकाला भोक जुळलं की डोळे मिटून बसवायचं. उभ्या हयातीत हा नियम चुकला नव्हता, आणि चुकला असता तरी तसं सांगायची कुणाची छाती होती?

घरच्या जुन्या गाडीचं इंजिन बांधतानाही तेच केलं. गॅस्केट ब्लॉकवर टेकवताना सिलिंडरच्या तोंडाशी पत्र्याची बारीक कड आत डोकावलेली सुनेला दिसली. तिने तोंड उघडलं. आप्पांनी हेड उचलायला फर्मावलं. तिने तोंड मिटलं आणि हेड उचललं.

आज सकाळी तीच गाडी घेऊन तिचा नवरा सासूबाईंना घाटावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला निघाला. गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच लेथवाला टर्नर माप घ्यायचं आपलं विसरलेलं व्हर्नियर न्यायला आला. या इंजिनाचे झिजलेले सिलिंडर त्यानेच कातून मोठे केले होते. त्याने सहज विचारलं, की मोठ्या भोकाचं गॅस्केट मिळालं तरी कुठे, बाजारात तर ते औषधालाही सापडत नाही.

सुनेला ती आत डोकावलेली कड आठवली.

आप्पा गुरकावले, जुन्यावर ठेवून बघितलंय, तंतोतंत जुळलंय. टर्नरने वाद घातला नाही. त्याने व्हर्नियर कातलेल्या सिलिंडरच्या मापाएवढं उघडलं आणि खिळ्यावर टांगलेल्या जुन्या गॅस्केटच्या भोकाला लावलं. ते आत जाईना. जुनं गॅस्केट न कातलेल्या सिलिंडरचं होतं, आणि नवं त्याला जुळलं हीच तर चूक होती.

पुढचं कुणी सांगायला नको होतं. आत आलेली कड तापून लाल होणार, गॅस्केट जळणार, पाणी सिलिंडरमध्ये शिरणार. घाटात इंजिन बंद पडलं की ब्रेकही दगडासारखा घट्ट होणार. तिने नवऱ्याला फोन लावला. तो वाजत राहिला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही शपथ तिनेच त्याला घातली होती.

तिने स्कूटर काढली. सुनेच्या मागे बसायचं म्हणजे आप्पांच्या लेखी नाक कापून घेणं, पण ते मुकाट्याने बसले. त्यांनी तिचा खांदा घट्ट धरून ठेवला होता, आणि त्या पकडीने ती जास्तच घाबरली. प्रत्येक वळणावर ती आधी रस्ता बघायची, मग कठडा, मग बघायचं नसूनही खाली दरीत. मन चिंती ते वैरीही न चिंती.

एका वळणावर गाडी उभी दिसली. दोन्ही दारं सताड उघडी. आत कुणी नाही.

तिने करकचून ब्रेक दाबला, स्कूटर कलंडता कलंडता राहिली. तेवढ्यात गाडीपलीकडून उलटीचा आवाज आला. सासूबाई कठड्याला धरून ओकत होत्या आणि नवरा पाण्याची बाटली घेऊन उभा होता. स्कूटरवर या दोघांना बघून त्याला हसूच आलं. आईला गाडी लागली, नाहीतर एव्हाना वर पोचलो असतो, तो म्हणाला. इंजिन झकास चढतंय, जराशी टकटक येते तेवढीच. ऐकवण्यासाठी त्याने किल्लीकडे हात नेला.

"हात लावू नकोस," आप्पा म्हणाले. "गॅस्केट चुकलंय. माझ्या लक्षात आलं नाही."

आता सगळं टळलं होतं. सून गप्प बसली असती तर झाकली मूठ तशीच राहिली असती. पण गप्प बसण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"माझ्या आलं होतं," ती म्हणाली. "बसवतानाच कड दिसली होती मला."

"मग बोलली का नाहीस?" आप्पांनी विचारलं.

"तुमची भीती वाटली."

सासूबाईंनी तोंड पुसलं आणि आप्पांकडे पाहिलं. हे उत्तर त्यांना कित्येक वर्षांपासून पाठ असावं.

आप्पांनी वाकून किल्ली काढली. खिशाकडे नेलेला हात मध्येच थांबला, आणि त्यांनी ती सुनेपुढे धरली.

"हेड तू उघड," ते म्हणाले. "मी बाजूला उभा राहतो. दिसेल ते बोल."

तिने किल्ली घेतली.