काचपेटीतली खुरपणी

माझा राग माझ्याआधी घरात शिरतो, असं सपना म्हणते. सपना माझी बायको. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळं एकदाच आणि स्पष्ट बोलायची तिला सवय आहे. मी दरवेळी सांगतो की माझा राग वरवरचा असतो. त्यावर ती म्हणते, "असंल वरवरचा, पण लागतो खोल." १९९९ च्या ऑगस्टात तो इतका खोल लागला की माझी आई, सोजराबाई, घर सोडून गेली. त्याच साली हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला होता आणि सगळं गाव त्यावर बोलत होतं. आमच्या घरात मात्र कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मी वसमतला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. एम.एस्सी.च्या सहलीत रत्नागिरीला पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि वेड लागलं. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यात इतकी जिवंत गर्दी असते, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी पाहणं वेगळं. आमच्या भागात कुठून येणार समुद्र? मग मी तो घरीच आणला. चार फुटांची काचेची पेटी बनवून घेतली. माझा एम.एस्सी.चा मित्र सुरज मुंबईत शोभेच्या माशांचं दुकान चालवायचा. त्यानं समुद्री मीठ, जिवंत दगड, म्हणजे बारीक समुद्री जीव वसलेले दगड, मऊ प्रवाळाचा एक तुकडा आणि जोकर माशांची जोडी थर्माकोलच्या खोक्यातून रेल्वेनं नांदेडपर्यंत पाठवली. दोन खोल्यांच्या घरात ती पेटी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. लाइट गेली की मी हवेचा पंप मोटरसायकलच्या बॅटरीवर चालवायचो आणि कॉलेजला चालत जायचो. पण अंगठ्याएवढा आलेला प्रवाळ तीन वर्षांत ताटलीएवढा पसरला. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आई त्याच उन्हाळ्यात आमच्याकडं राहायला आली होती. आमच्या मूळ गावी, डोंगरकड्याला, किसनरावांच्या शेतात तिनं चाळीस वर्षं खुरपलं. वडील, सोनाजी, मी सातवीत असताना गेले. त्यानंतरचं माझं सगळं शिक्षण त्या खुरप्याच्या टोकावर झालं. मला नोकरी लागली त्या दिवशी मी म्हणालो होतो, "आई, आता खुरपं खाली ठेव." तिनं ते ठेवायला आठ वर्षं लावली. आली तीही खुरपं फडक्यात गुंडाळूनच, आणि खाटेखाली सरकवून ठेवलं. ते पुन्हा बाहेर निघू नये, आईनं आता आमच्यातच राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

पण घरात तिच्या हातांना काम नव्हतं. सपना तिला चुलीपाशी येऊ द्यायची नाही, म्हणायची, "आत्याबाई, आता आराम करा." आराम म्हणजे काय ते आईला माहीत नव्हतं. दिवसभर पेटीसमोर स्टुलावर बसायची, कमरेच्या चंचीतून तंबाखू काढायची, चुना लावायची आणि मासे बघायची.

"माझं काय काम हाय बापा हितं?" ती विचारायची.

"बसून खायचं," मी म्हणायचो.

"बसून म्हस बी खात न्हाई. तिला बी चरावं लागतं."

मी हसून सोडून द्यायचो.

जूनमध्ये सुरजनं पाठवलेल्या नव्या दगडावर मला एक तपकिरी समुद्रफूल दिसलं, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी. करंगळीच्या नखाएवढं, केसासारख्या बारीक भुजांचं. दिसायला गरीब, पण भलतं वाईट. त्याचं नाव एप्टेशिया. आईनं त्याचा लगेच 'आपटा' केला. हा आपटा शेजारच्या प्रवाळाला डसतो, प्रवाळ आखडतो आणि हळूहळू मरून जातो. त्या दिवशी जेवताना सपना म्हणाली, "एवढंसं तर आहे, राहू द्या की." मी चिडलोच. म्हणालो, "तण आहे ते. समुद्रातलं तण! वेळेवर काढलं नाही तर पीक गेलं समज."

मी सांगत होतो सपनाला. ऐकत होती आई.

तोडलेल्या आपट्याच्या एवढ्याशा तुकड्यातूनही नवा आपटा तयार होतो, हे मी दरवर्षी कॉलेजात फळ्यावर चित्र काढून शिकवतो. साठ पोरांना सांगतो. घरात दोन माणसांना सांगायचं मला सुचलं नाही.

मी माझ्या पद्धतीनं त्याच्या मागं लागलो. सुरजला पत्र टाकलं, त्याचं उत्तर यायला पंधरा दिवस गेले. त्यानं लिहिलं होतं की उकळतं पाणी नाहीतर लिंबाचा रस सुईनं त्याच्या तोंडात सोड, आणि त्यानंही भागलं नाही तर घट्ट कालवलेला चुना. जनावरांच्या दवाखान्यातून मी सुई मागून आणली. चुना आईच्या डबीतला घेतला.

"तंबाखू बी दे त्याला," आई म्हणाली. "नुसता चुना कोन खातंय?"

चुन्यानं तो आपटा मेला. मी खूश झालो. आठवड्यात सात दिसले. सातांना चुना दिला, तर तीस झाले. दगडाच्या खाली, पंपाच्या नळीवर, काचेवर, जिथं बघावं तिथं. प्रवाळ एका कडेनं आखडत चालला. मी सुरजला शिव्यांचं पत्र लिहिलं, की तू घाण दगड पाठवलास. मग पाण्याला दोष दिला, मिठाला दिला, वसमतच्या विजेला दिला. कॉलेजातून आलो की चप्पल काढायच्या आधी आपटे मोजायचो आणि जे समोर येईल त्याच्यावर ओरडायचो.

"बापा, जीव नको काढू," आई म्हणायची. "व्हईल कमी. तण हाय, खुरपलं की जातंय."

त्या दिवसांत तिच्या बोटांवर लाल पुरळ उठला होता. सपनानं खोबरेल तेल लावून दिलं. मी बघितलं, पण विचारलं नाही.

ऑगस्टातल्या एका शनिवारी कॉलेज लवकर सुटलं. घरात शिरलो तर आई स्टुलावर उभी. पदर खोचलेला, पेटीचं झाकण बाजूला आणि उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. हातात पोती शिवायचं दाभण. अगदी सराईतपणे, एक दगड संपला की दुसरा, ती आपटे खरवडून काढत होती. खरवडलेले तुकडे पंपाच्या पाण्याबरोबर सगळ्या पेटीत गरगर फिरत होते. तिच्या कोपरावर मीठ वाळून पांढरं झालं होतं. बोटांवरचा पुरळ कशाचा ते आता कळलं; हे आजचं नव्हतं. माझी पाठ फिरली की रोज चाललं होतं.

मला बघून ती हसली. काम दाखवावं तसं म्हणाली, "बघ, ही बाजू साफ केली."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणतात. मी जीभ उचलली नाही, ती आपोआप उठली. "आई, वाटोळं केलंस सगळं! खुरपण्याबिगर दुसरं काई येतं का तुला?"

मागं स्वयंपाकघरात सपनाच्या हातातलं उलथनं वाजायचं थांबलं.

आईनं हात पाण्यातून काढला. पदराला पुसला. दाभण खिडकीत ठेवलं. मग म्हणाली, "न्हाई येत." एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. वर्गात पोरगं खरं उत्तर देतं तसं दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा तिची खाट रिकामी होती. पहिल्या एसटीनं गेली होती. साड्या तशाच होत्या, चष्मा तसाच होता. फडक्यात गुंडाळलेलं खुरपं मात्र नव्हतं.

मी लगेच गेलो नाही, हे सांगायला लाज वाटते. मनात म्हणालो, तिनंच सगळं बुडवलं आणि वर रुसली तीच. तण म्हणालो ते मीच, हे आठवत होतं, पण ते मी आठवणीच्या मागं ढकलत होतो. प्रवाळ नवव्या दिवशी पांढरा पडून कुजला, घरभर घाण वास सुटला. मी तो काढून फेकला. जोकर माशांची जोडी बादलीत ठेवली आणि पेटीचा पंप बंद केला. तीन वर्षांचा समुद्र एका दुपारी संपला. आणि खरं सांगतो, मला वाटलं होतं तेवढं दुःख झालं नाही. दुःख त्या स्टुलाकडं बघून व्हायचं.

सपना अकराव्या दिवशी बोलली. "तुमचा प्रवाळ गेला म्हणून बसलाय तुम्ही. त्यांच्या बोटांना महिनाभर आग होत होती, तरी त्या रोज हात घालत होत्या. कशासाठी? तुम्ही खूश व्हावं म्हणून. तुम्ही आजपर्यंत त्यांना या घरात एक तरी काम दिलं होतं का?"

मी दुपारच्या एसटीनं डोंगरकड्याला गेलो.

घराला कडी होती. शेजारच्यांनी सांगितलं, किसनरावांच्या हळदीत आहे. बांधावरून बघितलं तर गुडघ्याएवढ्या हळदीत सात-आठ बाया ओळीनं वाकलेल्या होत्या. प्रत्येकीनं आपापली पात धरलेली, म्हणजे खुरपायची आपली पट्टी. माझी आई सगळ्यांच्या पुढं होती. पासष्ट वर्षांची बाई. जे खुरपं मी खाली ठेवायला सांगितलं होतं, ते माझ्याच एका वाक्यानं पुन्हा तिच्या हातात आलं होतं.

शालूबाई तिच्या जोडीची. लहानपणापासून मला ओळखते. तिनं आधी बघितलं. "सोजरा, तुझा प्रोफेसर आला बघ."

आईनं मान वर केली नाही. "येऊ दे."

मी तिच्या शेजारी जाऊन उकिडवा बसलो. म्हणालो, "आई, काहून आलीस गं हितं?"

"तूच म्हणला ना, खुरपण्याबिगर काई येत न्हाई. बराबर म्हणला. मग जे येतंय ते करून राहिले."

शालूबाई मुद्दाम दोन पावलं मागं राहिली.

मग मी आईला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, नीट. की आपटा तोडला की त्याचा तुकडा मरत नाही, पाण्यात जिथं टेकतो तिथं धरतो. एकाचे दहा होतात. म्हणून तोडायचा नसतो, जागेवरच मारावा लागतो. हे मी साधारण पाच मिनिटं बोललो असेन.

आईचं खुरपं थांबलं. तिनं समोरून निळ्या फुलाचा एक वेल उचलला, पेरापेराला मुळ्या फुटलेला. माझ्यासमोर धरला.

"मंजी केना," ती म्हणाली.

आमच्याकडं शेंबडं पोरगं पण केना ओळखतं. बाकीचं गवत उपटून जागेवर टाकलं तरी उन्हानं वाळतं. केना वाळत नाही. त्याचा पेरभर तुकडा राहिला तरी पाऊस पडला की पुन्हा धरतो. म्हणून केना कधी पातीत टाकत नाहीत, ओट्यात, म्हणजे खोचलेल्या पदराच्या खोळीत, भरून शेताबाहेर नेऊन टाकतात.

"तू तण म्हणला," आई म्हणाली. तिचा आवाज आता मात्र हलला. "तण म्हणला म्हनून मी खुरपलं. एक डाव केना म्हणला असतास, तर मी पान्यात बोट घातलं नसतं. मला कळत न्हाई व्हय केना काय असतो? चाळीस वर्सं मी दुसरं काय केलं?"

साठ पोरांना पुरणारी माझी विद्या आईसाठी एका शब्दानं कमी पडली होती, आणि तो शब्द तिनंच मला शिकवलेला होता. मला रडू आलं. मी ते लपवायला तिच्या शेजारची पात धरली आणि हातानंच गवत उपटायला लागलो. बाया हसल्या. हसू दिलं.

थोड्या वेळानं मी म्हणालो, "आई, त्या दिवशी मी जे बोललो ना, ते मागं घेतो."

"घे की," ती म्हणाली. "जेवढं सापडंल तेवढं घे."

"घरी येतीस का?"

"हळद खुरपून व्हईस्तोवर तर न्हाई. पात धरली का सोडत न्हाईत. मंग येईन का न्हाई, ते आज नको इचारू."

ती पुढं सरकली. तिच्या मागची माती साफ होती, ओट्यात केना भरत चालला होता. तेवढ्यात शालूबाई मागून ओरडली, "ओ प्रोफेसर, मागं बघा की जरा!"

मी मागं बघितलं. माझ्या पातीत मी उपटलेला केना जागोजाग तुटून पडला होता, ओल्या मातीत, पेरापेराचे तुकडे होऊन. संध्याकाळच्या एसटीला अजून दोन तास होते. मी खिशातला रुमाल काढून पसरला, पातीच्या सुरुवातीला गेलो आणि एकेक तुकडा वेचायला बसलो.